दुसऱ्या फेरीचं घर

विशाखा ज्या दारात उभी राहील ते दार उघडतं, असं तिच्या ऑफिसात म्हणत. बाकीच्यांना लोक आतूनच सांगत, घरी कोणी नाय म्हणून. विशाखाला मात्र बाजेवर बसवत, चहा टाकत, आणि सुनेच्या बाळंतपणापासून म्हशीच्या आटलेल्या दुधापर्यंत सगळं सांगत बसत. ती बोलायला गोड होती असं नाही. ती ऐकायला बसली की घाई करायची नाही, एवढंच.

खेड्यातल्या घरांच्या शेतीची जी देशभर नमुना पाहणी होते, तिच्यात ती कंत्राटावर काम करायची. वरून गावांची नावं येत. गावात जाऊन घरांची यादी करायची, मग चिठ्ठ्या उचलाव्यात तशी त्यातली काही घरं निघायची, आणि त्या घरांत दोनदा जायचं. एकदा खरीप घरात आल्यावर, एकदा रब्बी उलटून गेल्यावर. घर तेच, माणसं तीच, प्रश्नही जवळपास तेच. काय पेरलं, किती निघालं, किती घरात ठेवलं, किती विकलं, जमीन कुणाची.

औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत ती वडिलांबरोबर राहायची. राजेंद्र एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, आता निवृत्त. त्यांनीच तिला संख्याशास्त्र घ्यायला लावलं. म्हणायचे, आपल्या माणसांबद्दल सगळे बोलतात, मोजत कोणी नाही. मोजलं नाही की मागता येत नाही. विशाखाचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे. वडिलांचं ते वाक्य मात्र तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिला स्वतःचंच वाटायला लागलं होतं.

त्या वर्षी तिच्या वाट्याला सिल्लोडच्या पुढचं, डोंगराच्या अंगाला असलेलं एक गाव आलं. गावाचं नाव इथं सांगत नाही. पाहणीच्या नियमातही ते सांगायचं नसतं, आणि आता सांगून कुणाचं भलंही होणार नाही.

संक्रांत नुकतीच झाली होती. बौद्धवाड्यातलं मनकर्णाबाईचं घर निवडीत निघालं होतं. विशाखा गेली तेव्हा म्हातारी अंगणात तूर बडवत होती. वाळलेल्या शेंगांचा ढीग, खाली जुनी ताडपत्री, हातात बाभळीचं दांडकं. आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि त्यांच्या शेजारी टोपी घातलेल्या एका माणसाचा फोटो. तो म्हणजे तिचा नवरा, कचरू. जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"जय भीम, मावशी," विशाखा म्हणाली. "शेतीचा सर्व्हे आहे. तुमचं घर निघालंय."

"माझंच कामून निघालं?"

"चिठ्ठी टाकल्यासारखं असतं. कुणाचंही निघतं."

"आजवर कोणत्या चिठ्ठीत निघालं नाय. बस." मनकर्णाबाईनं दांडकं बाजूला ठेवलं.

घरात माणसं किती, शिकलेली किती, गुरं किती, हे सगळं सरळ झालं. मग जमिनीचा प्रश्न आला.

"जमीन नाय आमच्याकडं," म्हातारी म्हणाली.

विशाखानं तुरीच्या ढिगाकडं पाहिलं. "मग ही तूर?"

"तूर हाय. जमीन नाय."

दोघीही हसल्या. पण हसणं थांबल्यावर मनकर्णाबाईचा चेहरा मिटून गेला. तिचा मुलगा बद्रीनाथ दारात येऊन उभा राहिला होता, कपाळाला आठ्या घालून.

असलं उत्तर विशाखाला नवीन नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं, गुरं चारायला सोडलेली सरकारी जमीन. जमिनीच्या लढ्याच्या दिवसांत बौद्धवाड्यातल्या माणसांनी त्यातला खडकाळ तुकडा फोडून रान केलं होतं. कचरू त्यापायी तुरुंगातही जाऊन आला होता. तो आणि मनकर्णाबाई, दोघांनी मिळून तिथले दगड वेचले, त्याच दगडांचे बांध घातले, नाल्यातली माती डोक्यावरून वाहून टाकली. तूर, कापूस, थोडी मका, असं काहीबाही निघायचं आणि घर चालायचं. सातबारा मात्र कुणाच्या नावावर झाला नाही. म्हणून बाहेरचं कोणी विचारायला आलं की सगळ्यांचं उत्तर एकच: जमीन नाय.

दुसरा कोणी असता तर "नाही" लिहून पुढं गेला असता. काम लवकर झालं असतं. विशाखा थांबली. तिनं समजावून सांगितलं, की जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न वेगळा, आणि कसतं कोण हा वेगळा. नावावर नसलेली, सरकारी, कशीही असो, कसत असाल तर लिहिता येते. "तुम्ही जमीन नाही सांगितलंत तर कागदावर तुम्ही नुसत्या मजूर होता, मावशी. इतकी वर्षं जे पिकवलं ते कुठंच दिसत नाही."

"आणि उद्या कोणी इचारायला आलं तर?" बद्रीनाथ म्हणाला. "अतिक्रमण म्हणून?"

"नाव जात नाही, दादा. गावाचंसुद्धा नाही. नुसते आकडे जातात."

"तुमचं खरं असंल. पण वरचे लोक..."

"माझ्यावर विश्वास ठेवा," विशाखा म्हणाली. आणि मग जे ती कधी कुठल्या दारात म्हणाली नव्हती ते म्हणून गेली. "मी तुमच्यातलीच आहे."

मनकर्णाबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग उठून पदर खोचला. "चल मग. रान दाखवते. नुसतं ऐकून काय लिवती."

त्या दुपारी विशाखा गायरानात हिंडली. म्हातारी पुढं, ती मागं, हातात टॅब. कापसाची शेवटची वेचणी राहिली होती. बोंडं झाडावर तशीच फुटून लोंबत होती. मनकर्णाबाई बांधावरच्या एकेका दगडाला हात लावून सांगत होती, हा तिघांनी उचलला, ह्याच्या खाली विंचू निघाला, इथं बद्रीनाथ पाळण्यात असायचा. वाड्यातली आणखी काही घरं निवडीत होती. त्यांनीही आधी नाहीच म्हटलं होतं. मनकर्णाबाईनं स्वतः दारोदार जाऊन सांगितलं, "सांगा खरं. पोरगी आपली हाय, काय होत नाय." मग त्यांनीही सांगितलं.

घरात निर्णय कोण घेतं, असाही एक प्रश्न होता. म्हातारी म्हणाली, "पाऊस घेतो." विशाखानं तिचं नाव लिहिलं.

निघताना मनकर्णाबाईनं तिच्या पिशवीत बांधावरच्या हिरव्या तुरीच्या शेंगा कोंबल्या. घरी वडिलांनी त्या मिठाच्या पाण्यात उकडल्या, आणि दोघांनी टीव्हीसमोर बसून खाल्ल्या. "ह्या आता देशाच्या हिशोबात आल्या बरं का," राजेंद्र सोलता सोलता म्हणाले. विशाखा त्या वर्षात त्या दिवसाइतकी समाधानी कधी झाली नाही.

*

दुसरी फेरी पोळ्याच्या तोंडावर लागली. सिल्लोडहून काळीपिवळीत बसून ती निघाली. गाव जवळ आलं तेव्हा वरच्या अंगाला काहीतरी चकाकलं. आधी तिला वाटलं पाणी साचलंय. मग तारेचं कुंपण दिसलं, त्याच्या आत लोखंडी खांबांच्या ओळी, आणि काही खांबांवर बसवलेल्या काळ्या काचेच्या पाट्या.

"हे काय झालंय?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"सोलर. वीज होणार म्हणतेत इथं."

"तिथं तर लोकांची रानं होती."

"गायरान हाय ते, बाई. सरकारीच व्हतं." त्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलंही नाही.

बौद्धवाड्याच्या तोंडाशी ती उतरली. एक बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. पहिल्या फेरीत हिनंच तिला दोन वेळा चहा पाजला होता. विशाखानं जय भीम घातला. बाईनं उत्तर दिलं नाही. मिरच्यांचं सूप उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

बद्रीनाथ ओट्यावरच बसला होता. तिला पाहून उठला नाही.

"या," तो म्हणाला. "आता काय राह्यलंय मोजायचं?"

"दादा, मला काहीच माहीत नव्हतं."

"तुमाला नाय तर कुणाला म्हाईत असणार? तुम्ही रानात उभं राहून मशीनवर लिवून घेतलं. बांध न् बांध फिरलात. होळीला नोटिसा आल्या. उन्हाळ्यात जेसीबी आला. पोलीस बी आणले व्हते. नांगरट करून ठेवली व्हती आम्ही."

"आमची माहिती तशी कुणाला देत नाहीत. तसं होत नाही, दादा."

"होत नाय, असंच तव्हाबी सांगितलं व्हतं तुम्ही."

आत, अंधारात, मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसलेली दिसत होती. तिनं मान वर केली नाही. विशाखा दारात जरा वेळ उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी बस म्हटलं नाही.

ती विहाराच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिथून तिनं आपल्या वरिष्ठांना, इंद्रजीत सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "सर, आपल्याकडून कुठं गेलं असेल का?"

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "आपली पहिल्या फेरीची माहिती अजून तपासणीतच पडलीय. आणि त्यांना तुझी गरज काय? वरून फोटो निघतात, झाडन्‌झाड दिसतं. असले प्रकल्प काय आपल्या आकड्यांवर ठरतात?"

"म्हणजे आपल्या आकड्यांनी काहीच..."

"हे बघ, डोक्याला लावून घेऊ नकोस. ते लोक बोलत नसतील तर घर बंद दाखव आणि पुढं चल."

"घर बंद नाही, सर."

"विशाखा, कंत्राटं मार्चला संपतात. तुझ्या चांगल्यासाठी सांगतोय." ते वाईट माणूस नव्हते. फोन ठेवताना जेवलीस का म्हणूनही विचारलं त्यांनी.

निवडीत गावातलं आणखी एक घर होतं, अप्पारावांचं. ते पूर्वी सरपंच होते, आणि आता सून सरपंच असली तरी गाव त्यांच्याच शब्दावर चालायचं. बागायत जमीन, आल्याचं पीक, दारात ट्रॅक्टर. काम तर करायलाच हवं होतं. अप्पारावांनी तिला खुर्ची दिली, पंखा लावला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. बैलांसाठी आणलेल्या नव्या झुली समोरच पडल्या होत्या. शेवटी विशाखानं टॅब मिटला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गायरानाचं हे कधी ठरलं?"

"ते का? ते तर गेल्या साली. ग्रामसभेत ठराव घेतला. मोजणीबी दिवाळीच्या आधीच झालती."

"पण संक्रांतीला तिथं पीक उभं होतं. लोकांना माहीत नव्हतं?"

"सभेला आलं असतं तर झालं असतं माहीत." अप्पारावांनी सुपारी कातरली. "दवंडी दिली व्हती. आता बौद्धवाड्यापोहोत ऐकू गेली नसंल, तर काय करावं?"

ते हसले नाहीत, चिडले नाहीत, की त्यांना काही लपवावंसंही वाटलं नाही. हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

विशाखा तिथून तडक उठली. रागानं, आणि खरं सांगायचं तर सुटकेनंही. तिच्यामुळं झालं नव्हतं. ती बाजेवर बसून प्रश्न विचारत होती, बांधावरून हिंडत होती, तेव्हा सगळं आधीच ठरून गेलं होतं. चालता चालता ती जवळजवळ पळायलाच लागली.

मनकर्णाबाई आता बाहेर होती, घरामागच्या लिंबाखाली, एकटीच. विशाखा तिच्यासमोर मातीत बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठराव, मोजणी, दिवाळी, दवंडी.

म्हातारीनं ऐकून घेतलं. "हां," एवढंच म्हणाली.

"मावशी, माझ्यामुळं नाही झालं हे."

"म्हाईत हाय मला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोजणीवाले मी सोता पाह्यले व्हते. लाल झेंड्या घेऊन फिरत व्हते. मी इचारलं, तर म्हणले रस्त्याचं हाय. तव्हाच मनात पाल चुकचुकली." तिनं लिंबाची एक काडी उचलली आणि मोडली. "म्हणून तर तुला रान दाखवलं. म्हणलं, एका ठिकाणी तरी लिवलेलं असावं. कोणी इचारलं तर सांगता यावं, इथं आमी व्हतो."

"मग तुम्ही वाड्यात सांगत का नाही? बद्रीनाथदादाला तरी? सगळे मला..."

"सांगून?" मनकर्णाबाई शांतपणे म्हणाली. "बाई, लोकांना कुणावर तरी राग ठेवावा लागतो. नाय ठेवला तर त्यो घरात फिरतो. बद्र्या आठ दिवस जेवला नवता, बायकोवर हात टाकायला लागला व्हता. मग कुणीतरी म्हणलं, ती सर्व्हेवाली आल्ती, तिनंच केलं. तव्हापासून जेवतो."

"पण अप्पारावांनी..."

"उद्या सक्काळी वाड्यातल्या समद्या बाया अप्पारावच्या आल्यात निंदायला जाणार हायत. मी बी जाणार. दुसरं रान राह्यलंय कुठं? त्याच्यावर राग ठेवून त्याच्या बांधावर कसं जायचं?" ती थांबली. "तुझ्या रानात काय आमाला जायचं नाय."

विशाखा उठायला लागली.

"आमच्यातलीच हाय, म्हणली व्हतीस ना?" म्हातारीचा आवाज कडू नव्हता, थकलेला होता. "मग घे थोडं अंगावर. तू जाशील तिकडं औरंगाबादला. आमाला इथंच राहायचंय."

मग मनकर्णाबाईच म्हणाली, "काढ तुझं मशीन. इचार काय इचारायचं ते."

विशाखानं टॅब काढला. कसायला जमीन? नाय. या हंगामात काही पेरलं? नाय. शून्य टाकल्याबरोबर मशीननं पुढची पानंच्या पानं आपोआप ओलांडली. बियाणं, खत, औषधं, उत्पन्न, विक्री, काहीच विचारायचं उरलं नाही. संक्रांतीला ज्या घरात अर्धा दिवस गेला होता, ते घर चहाला उकळी यायच्या आत संपलं. शेवटचा प्रश्न राहिला, घरची मुख्य कमाई कशाची.

"मजुरी," मनकर्णाबाई म्हणाली. मग विचारलं, "कुणाच्या रानात, ते इचारत नाय का त्यात?"

"नाही, मावशी."

"बरं."

ती वाड्यातून परत निघाली तेव्हा बद्रीनाथ अजून ओट्यावरच होता. विशाखाच्या ओठांवर आलं होतं सांगायचं. तिनं सांगितलं नाही. तो तिच्या पाठीमागं मोठ्यानं थुंकला. ती मान खाली घालून रस्त्याला लागली.

*

घरी तिनं वडिलांना यातलं निम्मंच सांगितलं. राजेंद्रांनी ऐकलं, आणि माहितीचा अधिकार, वकील, वर्तमानपत्र असं काय काय सुचवत राहिले. त्यांच्या ओळखीचे एक वकील गेलेही त्या गावाला. लोकांनी सह्या द्यायला नकार दिला. आल्याची निंदणी चालू होती.

विशाखानं पुढची काही गावं केली. पण दारात उभी राहिली की तिला पहिलं वाक्यच सुचेना. लोक म्हणत, जमीन नाय. ती समोर पसरलेल्या तुरीकडं, मक्याच्या कणसांकडं बघायची आणि "नाही" असं लिहायची. तिचं काम पूर्वीपेक्षा लवकर व्हायला लागलं. इंद्रजीत सरांनी बैठकीत तिचं कौतुक केलं. मार्चला कंत्राट वाढवून आलं, तेव्हा तिनं अर्ज देऊन फिरतीचं काम सोडलं आणि ऑफिसात तपासणीच्या टेबलावर जाऊन बसली. तिथं दुसऱ्यांनी भरलेली घरं तिच्या पडद्यावर यायची, नावाशिवाय, गावाशिवाय. आकड्याला आकडा जुळतो का, एवढंच बघायचं. ज्या घरात जमीन शून्य असे, ते सगळ्यात आधी तपासून व्हायचं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा ती शहागंजला गेली होती, वडिलांसाठी चादर घ्यायला. भर दुपार होती. एका ठोक दुकानासमोर टेम्पोतून पोती उतरवत होते, आणि त्यातलं एक पोतं पाठीवर घेऊन बद्रीनाथ चालला होता. त्यानंही तिला पाहिलं. पोतं आत टाकून तो बाहेर आला, गमछ्यानं तोंड पुसलं. ती निघून जाईल असं त्याला वाटलं असावं. ती गेली नाही.

"इकडं कधीपासून?" तिनं विचारलं.

"झाले काही महिने. मिसारवाडीत खोली घेतलीय."

"मावशी?"

"गावातच हाय. येत नाय म्हणते." तो जरा थांबला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, काहीच नव्हतं. "डोळ्याला दिसत नाय तिला आता नीट. तरी जाते निंदायला. हातानं चाचपून गवत काढते. कधी पीकबी उपटती. मग अप्पाराव बोलतो."

विशाखानं विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. तो म्हणाला, आणतो आणतो म्हणतोय, ती येत नाही. मग आतून दुकानदारानं त्याला हाक मारली, "अबे जल्दी कर", आणि तो वळला. टेम्पोवरच्या माणसानं दुसरं पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं. विशाखा तिथं जरा वेळ उभी राहिली. मागून एका हातगाडीवाल्यानं "बाजू, बाजू" केलं, तेव्हा ती बाजूला झाली.